नदीतला गाळ नेमका कुठून आला? वाशिष्ठी खोऱ्याच्या आधाराने माग काढण्याची पद्धत

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणला वाशिष्ठी आणि शिव नदीत गाळ काढायला पोकलेन उतरले. किती घनमीटर गाळ निघाला याचे आकडे मिळतात, पण तो आला कुठून याचं उत्तर ज्याचं त्याचं वेगळं. कोणी डोंगरउतारावरच्या वरकस शेतीकडे बोट दाखवतं, कोणी झाडतोडीकडे, कोणी परशुराम घाटात महामार्गासाठी कापलेल्या डोंगराकडे, तर कोणी २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलेल्या तिवरे धरणाकडे. यातलं कुठलंच उत्तर सरसकट खोटं नाही. प्रश्न वाट्याचा आहे, आणि वाटा मोजता येतो. स्रोताच्या मातीत आणि नदीच्या गाळात एकच खूण शोधायची, आणि त्या खुणेच्या प्रमाणावरून कोणाचा हिस्सा किती ते काढायचं, एवढीच ही पद्धत. जगभर ती वापरात आहे. मात्र उष्ण कटिबंधात, त्यातही जांभा आणि बेसाल्टच्या मुलखात, थंड देशांतली कृती जशीच्या तशी उचलली तर उत्तर चुकतं. कुठे आणि का चुकतं, ते पुढे येईलच.

आधी ठरवा: बारीक गाळ की भरड?

निम्मी कामं इथेच फसतात. पाणी गढूळ करणारा, खाडीत जाऊन बसणारा, धरण भरणारा गाळ बहुतांशी ६३ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो. नदीचं पात्र उथळ करतो तो वाळू, खडे आणि गोटे. रासायनिक किंवा किरणोत्सारी खुणांची पद्धत बारीक गाळाचं उत्तर देते. तिच्या निष्कर्षावरून पात्रातले गोट्यांचे ढीग शेतीच्या माथी मारता येत नाहीत. शेतातून गोटे येत नाहीत.

भरड मालासाठी स्वस्त आणि जुना उपाय आहे. नदीच्या कोरड्या पुळणीवर एका रेषेत चालत जायचं आणि प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकापाशी येणारा दगड न बघता उचलायचा. असे १०० दगड घेऊन प्रत्येकाची मधली जाडी मिलिमीटरमध्ये मोजायची आणि तो काळा कठीण बेसाल्ट आहे, सच्छिद्र बेसाल्ट आहे की जांभा, ते लिहायचं. प्रत्येक संगमाच्या वर आणि खाली हेच करायचं. एक गोष्ट ध्यानात असू द्या: जांभ्याचा खडा नदीत फार टिकत नाही, काही किलोमीटरांत त्याचा चुरा होतो. म्हणून पात्रात जांभा दिसला नाही तर सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या पठारावरून, काही आलं नाही असं समजू नका. तो मातीच्या रूपाने पुढे निघून गेलेला असतो.

इथून पुढचं सगळं बारीक गाळाबद्दल आहे.

घरी बसून करायचं काम

यात फार दिवस घालवू नयेत. ३० मीटर बारकाव्याचं जमिनीच्या उंचीचं मोफत मॉडेल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, पाणलोटाची हद्द आणि उपनद्या काढा. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या डिसेंबर ते फेब्रुवारीच्या चित्रांवरून जमिनीचा वापर ढोबळ मानाने आखा. कोकणात पावसाळ्यातली ढगमुक्त चित्रं जवळपास मिळतच नाहीत. गूगल अर्थवर २०२१ च्या आधीची आणि नंतरची चित्रं शेजारीशेजारी ठेवली की दरडींचे ओरखडे स्पष्ट दिसतात. त्या प्रत्येक दरडीचं बूड पऱ्याला (ओढ्याला) टेकलंय का, एवढंच टिपा. डोंगराच्या मध्यावर कोसळून तिथेच थांबलेली दरड कितीही मोठी असली तरी गाळ देत नाही.

उतार, पाऊस, मातीचा प्रकार आणि पिकाचं आच्छादन यांचा गुणाकार करून धुपीचा रंगीत नकाशा बनवायची सूत्रं सर्रास वापरली जातात. तो नकाशा नमुने कुठे घ्यायचे हे ठरवायला ठीक आहे. निष्कर्ष म्हणून तो मांडू नये. त्या सूत्रात घळी, नदीकाठ, दरडी आणि रस्ते धरलेलेच नसतात, त्यामुळे दोष नेहमी शेतावर जातो.

पहिल्या पावसात संगमांवर जा

प्रयोगशाळेत एक रुपयाही खर्च करण्याआधी हे करा. जूनच्या पहिल्या जोरदार सरींत, आणि पुन्हा जुलैत पूर असताना, प्रत्येक मोठ्या संगमावर दोन्ही प्रवाहांतून आणि संगमाखालून एकेक लिटर पाणी घ्या. तिन्ही बाटल्या एका तासाच्या आत भरल्या पाहिजेत. पुराच्या चढावाला आणि उतरणीला गढूळपणा अगदी वेगळा असतो, त्यामुळे सकाळची एक आणि दुपारची दुसरी बाटली यांची तुलना होत नाही.

बाटलीतलं पाणी आधी वजन केलेल्या काचतंतूच्या गाळणकागदातून गाळा, कागद १०५ अंशांवर वाळवा, पुन्हा वजन करा. प्रवाहाचा वेग मोजायला लिंबू किंवा नारळ सोडा. ३० मीटर जायला किती सेकंद लागले त्यावरून पृष्ठभागाचा वेग निघतो, त्याला ०.८५ ने गुणलं की सरासरी वेग. त्याला पात्राच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणलं की विसर्ग. उदाहरणार्थ, लिटरला ८०० मिलिग्रॅम गाळ आणि सेकंदाला २० घनमीटर पाणी असेल तर सेकंदाला १६ किलो, म्हणजे तासाला ५७.६ टन गाळ चालला आहे. दोन प्रवाहांचे असे आकडे शेजारी ठेवले की कुठल्या उपखोऱ्यात शिरायचं ते कळतं, आणि पुढच्या महागड्या नमुन्यांतले अर्धे वाचतात.

वाशिष्ठीत दोन गोष्टी घोळ घालतात. पहिली कोयनेची. वीज तयार झाल्यावर कोयनेचं पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं. त्यातला बराचसा गाळ मागे धरणातच बसलेला असतो, त्यामुळे हे पाणी मिसळलं की गढूळपणा घटतो, पण गाळाचं एकूण वजन घटत नाही. हे अवजल मिसळतं त्या जागेच्या वरचा आणि खालचा नुसता मिलिग्रॅमचा आकडा ताडून पाहणं म्हणूनच निरर्थक आहे. तिथे वजनच काढावं लागतं. शिवाय वीजनिर्मितीच्या वेळांप्रमाणे पाणी भर उन्हाळ्यातही अचानक चढतं. पात्रात उतरण्याआधी निर्मितीची वेळ विचारून घ्या.

दुसरी भरतीची. चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत खाडीचा प्रभाव पोचतो. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना धरून गोळा होतात आणि समुद्राकडचा गाळही भरतीबरोबर वर येतो. तिथल्या गाळात डोंगरातल्या मातीची खूण शोधणं म्हणजे दोन हिशेब एकत्र करणं. मुख्य नमुना भरतीच्या टप्प्याच्या वरच घ्या. गोवळकोटच्या बाजूला मगरी आहेत, हेही विसरू नका.

स्रोत किती धरायचे आणि माती कशी घ्यायची

चार, फार तर पाच. त्यापेक्षा जास्त गट केले की गणित कुठल्याही दोन गटांत अदलाबदल करून तितकंच बरं उत्तर देतं. या खोऱ्यात कामाला येणारी विभागणी अशी:

- लागवडीखालच्या उतारांची वरची माती: नाचणी-वरीची वरकस जमीन, आणि नव्याने जेसीबी लावून केलेल्या काजू-आंब्याच्या बागा
- जंगल, जुनी बाग आणि गवताळ उतार यांची वरची माती
- सड्याची जांभ्याची माती आणि चिरेखाणींचा भुसा
- खालची माती: नदीकाठ, घळी, दरडीचे ओरखडे, रस्त्यासाठी कापलेला डोंगर

शेवटच्या गटात दरड आणि रस्ता एकत्र ठेवलेले पाहून बरेच जण नाराज होतात, कारण त्यांना नेमका तोच फरक हवा असतो. पण दोन्हीकडून निघतो तो एकच मुरूम. त्याचं रसायन सारखं, त्यावर कधी ऊनपाऊस पडलेला नाही. खुणेने ते वेगळे होत नाहीत. ते वेगळे होतात जागेने. घाटरस्त्याच्या खालच्या पऱ्याच्या वर आणि खाली मोजणी केली की रस्त्याचा वाटा निघतो.

प्रत्येक गटाचे किमान १५ ते २० नमुने हवेत. एक नमुना म्हणजे एका ठिकाणची एक मूठ नव्हे. १० ते २० मीटरच्या परिघात दहा ठिकाणांहून फक्त वरची २ सेंटिमीटर माती खरवडून एकत्र कालवा आणि त्यातली अर्धा किलो ठेवा. पाऊस वाहून नेतो ती हीच वरची माती. फावड्याने वीतभर खोल खणून आणलेली माती चुकीची खूण दाखवते. साधन स्टीलचं किंवा प्लॅस्टिकचं असावं. जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं किंवा रंग दिलेलं खुरपं वापरलं तर जस्त आणि शिशाचे आकडे कामातून गेले.

जिथली माती खरंच पाण्याला मिळते तिथलीच घ्या: शेताचा खालचा कोपरा, बांध फुटलेली जागा, पायवाटेची चर. भाताची खाचरं बहुधा गाळ अडवतात, देत नाहीत. ती स्रोतात धरण्याआधी पावसात जाऊन बघा. नदीकाठाचा नमुना घेताना आधी दर्शनी थर दोनेक सेंटिमीटर छिलून टाका, कारण त्यावर मागच्या पुराचा गाळ थापलेला असतो. तो नमुन्यात आला तर तुम्ही गाळाची तुलना गाळाशीच करत बसाल आणि नदीकाठाचा वाटा फुगून दिसेल. हा दोष पुढच्या कुठल्याही चाचणीत पकडला जात नाही.

पिशवीवर मार्करने लिहू नका, कोकणच्या हवेत ते पुसतं. पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी छोट्या पिशवीत घालून आत टाका. त्यात तारीख, अक्षांश-रेखांश, उतार, पीक आणि पाण्याशी जोड कशी आहे ते लिहा.

राबाची वेगळी नोंद करा. भाताच्या रोपांच्या तरव्यासाठी उन्हाळ्यात पालापाचोळा, कवळं आणि शेण पसरून भाजतात, तेव्हा मातीचे चुंबकीय गुण बदलतात. भाजलेल्या वाफ्याची माती इतर मातीत मिसळली तर आकड्यांचा पसारा विनाकारण वाढतो.

नदीचा गाळ पकडायचा कसा

पुरात उभं राहून बादलीने पाणी भरणं एकदोनदा जमतं, हंगामभर नाही. त्यासाठी आपोआप गाळ साठवणारी नळी लावतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या रचनेत नळीचा आतला व्यास ९८ मिलिमीटर, लांबी एक मीटर, आणि दोन्ही टोकांना ४ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या बारीक नळ्या असतात. बारीक नळीतून आत आलेलं पाणी मोठ्या नळीत एकदम मंदावतं, गाळ खाली बसतो, पाणी मागून निघून जातं. आपल्याकडे ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, दोन टोप्या, हवा नेणारी बारीक प्लॅस्टिक नळी आणि एम-सील एवढ्यावर हे होतं. पुढच्या टोपीवर नाकासारखं नरसाळं बसवा, नाहीतर टोपीच्या सपाट तोंडापाशी भोवरा होऊन भरड कण आत शिरत नाहीत.

बसवताना नळी आधी स्वच्छ पाण्याने पूर्ण भरा. हवा राहिली तर ती तरंगते आणि पहिल्याच पुरात सळया उखडते. पात्रात १२ मिलिमीटरच्या दोन सळया ठोका, नळी आडवी, तोंड प्रवाहाकडे, पावसाळ्यातल्या नेहमीच्या खोलीच्या साधारण मध्यावर बांधा, आणि शिवाय पोलादी तारेने काठावरच्या झाडाला अडकवा. सह्याद्रीच्या पायथ्याच्या पऱ्यांत गोटे आणि ओंडके येतात, तिथे उघड्या मध्यप्रवाहात काहीच टिकत नाही. कातळाच्या बाजूची, पण पाणी वाहतं राहणारी जागा निवडा. डोहात लावू नका. एका जागी दोन नळ्या लावा, एक जाणार हे धरूनच चला.

दर पंधरवड्याला, आणि मोठा पूर ओसरला की लगेच, नळी रिकामी करा. एका नळीत सुमारे साडेसात लिटर मावतं, म्हणून १० लिटरचा झाकणाचा डबा न्या. पाणी निवळायला ठेवल्यावर तुरटी फिरवण्याचा मोह होतो. फिरवू नका. तुरटीत ॲल्युमिनियम असतं, आणि जांभ्याची मुख्य खूण तीच. स्थिर पाण्यात २ मायक्रॉनचा कण दिवसाला साधारण एक फूट खाली जातो, त्याहून बारीक कणांना आणखी वेळ लागतो. डबा तीन-चार दिवस सावलीत स्थिर ठेवा आणि वरचं निवळ पाणी बारीक नळीने ओढून काढा. तळ हलवू नका.

नळी लावता येत नसेल तर पूर ओसरल्यावर दोन-तीन दिवसांत घाटाच्या पायऱ्यांवर, कातळाच्या खोबणीत, काठच्या पानांवर बसलेला ताजा गाळ खरवडा. एका पुरासाठी हा नमुना चांगला असतो. फक्त सगळ्यात बारीक कण तिथे न थांबता पुढे गेलेले असतात, हे लक्षात ठेवा.

चाळणी: इथे जांभा फसवतो

माती ४० अंशांवर वाळवा. भट्टीसारखी तापवली तर लोहाची खनिजं बदलतात. मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची, पण कोरडी नाही, ओली.

जांभ्याच्या मातीत केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजाचे अतिसूक्ष्म कण लोहाच्या ऑक्साइडने चिकटून घट्ट रवाळ गोळे बनतात. कोरड्या चाळणीवर हे गोळे वाळूसारखे वर राहतात, आणि ज्या चिकणमातीला मोजायचं तीच फेकली जाते. नदीत मात्र हे गोळे काही अंशी फुटलेले असतात. म्हणजे स्रोतातली एक गोष्ट आणि नदीतली दुसरीच मोजली जाते, आणि जांभ्याचा वाटा कमी निघतो. उपाय असा: स्रोत आणि गाळ दोन्हींना तंतोतंत एकच वागणूक. पाण्यात रात्रभर भिजवणं, ठरावीक मिनिटं हलवणं, नंतर हलक्या हाताने ओली चाळणी. फॉस्फरस मोजायचा असेल तर फॉस्फेटची विलगक पावडर पाण्यात घालू नका.

मग कणांच्या आकाराचं वितरण तपासा. नदीचा गाळ स्रोतांपेक्षा स्पष्ट बारीक असेल तर दोन्हींची १० मायक्रॉनखालची मातीच तुलनेला घ्या. बारीक कणांवर बहुतेक धातू जास्त बसतात, त्यामुळे नुसत्या बारीकपणामुळेही गाळात धातू वाढलेले दिसतात. आकाराचा दुरुस्ती-गुणक लावून सगळे आकडे सरळ करण्याची प्रथा आहे. तो गुणक प्रत्येक मूलद्रव्याला सारखा लागू पडत नाही. ठरावीक आकाराचे कण नीट वेगळे करणं जास्त भरवशाचं.

कुठल्या खुणा, आणि त्या का चालतात

प्रत्येक खुणेमागे भौतिक किंवा रासायनिक कारण सांगता आलं पाहिजे. यंत्राने चाळीस मूलद्रव्यं दिली म्हणून चाळीस वापरू नयेत.

*रंग.* सगळ्यात स्वस्त. वाळलेली पूड काचेच्या थाळीत दाबून साध्या स्कॅनरवर, रंगपट्टी शेजारी ठेवून स्कॅन करा. सड्याची लाल, जंगलाची तपकिरी आणि मुरमाची पिवळट-करडी माती बऱ्यापैकी वेगळी पडते. पहिली चाळण म्हणून उत्तम.

*मूलद्रव्यं.* क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राला ५ ते १० ग्रॅम पूड पुरते. या खोऱ्यात निसर्गानेच सोय करून ठेवली आहे. ताज्या दख्खन बेसाल्टमध्ये कॅल्शियम ऑक्साइड साधारण १० टक्क्यांच्या घरात असतं, जांभ्यात ते धुऊन जवळजवळ संपलेलं असतं आणि लोह, ॲल्युमिनियम, टायटॅनियम मागे उरलेलं असतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियम जास्त तर माल कड्याकडचा, कमी तर सड्याकडचा. अडचण दोन ठिकाणी येते: बागेत चुना टाकला असेल तिथे, आणि खाडीच्या शिंपल्यांमुळे.

*चुंबकीय गुण.* बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट भरपूर, त्यामुळे नुसती चुंबकीय ग्रहणशीलता (माती चुंबकाला किती प्रतिसाद देते ते) सगळीकडेच जास्त येते आणि फारसं सांगत नाही. ती कमी आणि जास्त अशा दोन वारंवारतांवर मोजा. मातीत तयार झालेले अतिसूक्ष्म चुंबकीय कण असतील तर दोन मोजण्यांत १० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त फरक पडतो; खडकाच्या ताज्या चुऱ्यात तो २ टक्क्यांच्या आत राहतो. म्हणजे वरची माती आणि दरडीचा मुरूम वेगळे करायची स्वस्त सोय झाली. राब किंवा वणव्याची माती इथे 'वरची माती' असल्याची बतावणी जरा जास्तच जोरात करते. बंधाऱ्यामागच्या कुजक्या, काळ्या गाळात प्राणवायू नसल्याने मॅग्नेटाइट विरघळतं. तिथे ही खूण, आणि लोह-मँगनीजही, बाद.

*किरणोत्सारी खुणा.* सीझियम-१३७ हे १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांतून पावसाबरोबर पडलं, १९६३ च्या सुमारास शिगेला पोचलं, आणि मातीच्या वरच्या थराला चिकटलं. खालच्या मातीत ते नसतं. नांगरटीच्या शेतात ते खोलवर मिसळून पातळ झालेलं असतं. पण विषुववृत्ताकडे ते मुळात कमी पडलं, आणि अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचं असल्याने आता १९६३ च्या चतुर्थांशाहून कमी उरलं आहे. त्यामुळे एकेक नमुना यंत्रात एक ते तीन दिवस ठेवावा लागतो. ६० नमुन्यांना दोन दिवसांप्रमाणे १२० दिवस होतात. हा हिशेब आधी करा, मगच सीझियम मोजायचं की नाही ते ठरवा.

सोबत शिसे-२१० घ्या. ते हवेतून सतत पडत राहतं, म्हणून आपल्या अक्षांशांवरही मिळतं. मातीतल्या रेडियमपासून बनलेला हिस्सा वजा करावा लागतो, त्यासाठी नमुना हवाबंद डब्यात किमान तीन आठवडे ठेवून मग मोजतात. डबा नीट बंद नसेल तर रेडियमपासून बनणारा रेडॉन वायू निसटतो, वजाबाकी चुकते आणि वरच्या मातीचा वाटा फुगतो. एकाच वादळी पावसाचा माग हवा असेल तर बेरिलियम-७ आहे, अर्धायुष्य ५३ दिवस. नमुने लगोलग यंत्रापर्यंत पोचवता आले तरच त्याच्या वाटेला जा.

*कार्बनची समस्थानिकं.* भात, आंबा, काजू आणि जंगली झाडं एका प्रकारे प्रकाशसंश्लेषण करतात. नाचणी, वरी आणि ऊस दुसऱ्या. मातीतल्या वनस्पतिजन्य मेदाम्लांत हा फरक टिकतो, म्हणून कुठल्या पिकाखालची माती ते सांगता येतं. कोकणात एक पेच आहे: डोंगरउतारावरची बरीचशी गवतं नाचणीच्याच गटातली. पडीक वरकस आणि चालू वरकस या खुणेने सुटत नाहीत.

हिशेब

पहिली चाचणी सगळ्यात साधी: गाळातला प्रत्येक खुणेचा आकडा स्रोतांच्या किमान आणि कमाल आकड्यांच्या मध्ये पडतो का? नसेल तर एक तर ती खूण वाटेत बदलते, किंवा एखादा स्रोत तुम्ही घेतलेलाच नाही. दुसरी शक्यता आधी तपासा. पुन्हा नकाशा उघडा आणि चिरेखाण, वाळूचा उपसा, धरण फुटल्यावर खरवडलेली दरी असं काही राहिलं का ते बघा.

मग क्रस्कल-वॉलिस चाचणीने गटांमध्ये फरक न दाखवणाऱ्या खुणा काढा, आणि उरलेल्यांनी नमुने आपापल्या गटात किती अचूक पडतात ते विवेचक विश्लेषणाने (गट ओळखण्याच्या सांख्यिकी पद्धतीने) पाहा. स्रोतांच्या संख्येपेक्षा एक कमी, इतक्या खुणा तरी लागतातच. दोन-तीन जास्त असाव्यात.

गणिताचा गाभा दोन स्रोतांत दिसतो. समजा, वरच्या मातीत सीझियम किलोला १.६ बेकरेल (किरणोत्साराचं एकक), खालच्या मातीत ०.१, आणि नदीत ०.४ आहे. (०.४ − ०.१) भागिले (१.६ − ०.१), म्हणजे ०.२. वरच्या मातीचा वाटा २० टक्के, खालच्या मातीचा ८०. आता नदीच्या मोजणीत ०.१५ ची चूक धरा: हाच वाटा १० ते ३० टक्के होतो. अहवालात २० हा आकडा एकटा लिहू नये, १० ते ३० लिहावं. स्रोत जास्त असले की हेच काम 'आर' या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधली मिक्ससायर किंवा फिंगरप्रो ही पॅकेजं करतात.

पॅकेज कधी 'उत्तर नाही' म्हणत नाही, म्हणून त्याची परीक्षा घ्या. तुमच्याच स्रोतांच्या माती वजन करून मिसळा: एक मिश्रण २०-८०, एक ५०-५०, एक चारही गटांचं. त्यांना नदीच्या नमुन्यासारखं मोजा आणि पॅकेजला द्या. उत्तर खऱ्या प्रमाणापासून १५ टक्क्यांहून जास्त सुटलं तर खुणा बदला किंवा दोन गट एकत्र करा. ही पायरी वेळेअभावी गाळली जाते, आणि मग आकडे दशांश चिन्हासकट छापून येतात.

आकडे वाचताना

वाटा आणि धुपीचा वेग या दोन गोष्टी आहेत. जंगलाचा वाटा ३० टक्के आला आणि जंगलाने खोऱ्याचा ६० टक्के भाग व्यापलेला असेल तर जंगल आपल्या आकाराच्या निम्माच गाळ देतंय. रस्ते आणि कापलेले डोंगर एक टक्का जागेतून १५ टक्के गाळ देत असतील तर ते पंधरापट. वाट्याला एकूण गाळाच्या टनांनी गुणा आणि त्या स्रोताच्या हेक्टरांनी भागा, तेव्हाच दोन जमिनींची तुलना होते.

जून, जुलै आणि सप्टेंबरचे निकाल एकत्र सरासरीत घालू नका. पहिल्या सरींत मोकळी, नुकती उकरलेली माती आणि रस्त्यांची धूळ येते. जुलैत जमीन पाण्याने भरली की काठ ढासळतात, दरडी बोलू लागतात. सप्टेंबरात पीक उभं असल्याने शेताचा वाटा उतरतो. वार्षिक आकडा हवाच असेल तर त्या त्या काळात वाहिलेल्या गाळाच्या वजनाने भारित करा. आणि दरडीचा गाळ दरडीच्याच वर्षी येतो असं नाही: २०२१ च्या दरडींचा किंवा तिवऱ्याच्या खालच्या दरीतला मुरूम पऱ्याच्या कडेला साठून राहतो आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक पुरात थोडा थोडा उचलला जातो. खालच्या मातीचा वाटा मोठा आला की हे साठे चालून बघा. टेपने लांबी, रुंदी, जाडी मोजा आणि पावसाळ्यानंतर तीच मापं पुन्हा घ्या.

निकालावरून कामही बदलतं. वरची माती जास्त असेल तर समपातळी बांध आणि आच्छादन. काठ जास्त असतील तर बांबू, काठावरचा उपसा थांबवणं. मुरूम रस्त्यापाशी वाढत असेल तर घाटाच्या गटारांचं पाणी टप्प्याटप्प्याने सोडणं आणि कापलेल्या मालाचा ढीग पऱ्याच्या तोंडाशी न टाकणं. शेतात बांध घालून दरडीचा गाळ थांबत नाही.

प्रत्येक नमुन्याची निदान ५० ग्रॅम वाळलेली पूड काचेच्या बाटलीत, चिठ्ठीसकट राखून ठेवा. पुढची दरड कोसळेल किंवा नवा रस्ता कापला जाईल तेव्हा स्रोत पुन्हा गोळा करावे लागणार नाहीत. फक्त नवा स्रोत आणि नवा गाळ मोजून जुन्या पुडींशी ताडता येईल.